पोर्टर बिअर चाखताना : बेळगाव सीमाभागातील रसिकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

बिअर म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ती पिवळीधमक, गारेगार आणि तहान भागवण्यापुरतीच चव असलेली लागर. त्यामुळे काळपट तपकिरी पोर्टर पेल्यात ओतली की पहिल्यांदा चाखणारा माणूस ती जड असणार आणि लवकर चढणार असे धरूनच चालतो. वास्तविक इंग्लिश पद्धतीच्या पोर्टरमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे ४ ते ५.४ टक्के असते, म्हणजे दुकानात ‘स्ट्राँग’ म्हणून मिळणाऱ्या पिवळ्या बिअरपेक्षा ती बहुधा सौम्यच भरते. तिचा रंग ताकदीतून येत नाही, धान्याच्या भाजणीतून येतो. आणि भाजणी ही गोष्ट बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील माणसाला नव्याने शिकवावी लागत नाही. कारळ्याची चटणी, भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण, कुंदा, काकवी आणि नाचणीची भाकरी यांवर वाढलेल्या नाकाला पोर्टरमधील बहुतेक गंध आधीपासून ठाऊक असतात. परदेशी लेबलांवरील ‘एस्प्रेसो’, ‘टॉफी’ असे शब्द उसने घेण्याऐवजी या ठाऊक गंधांच्या आधारे पोर्टर कशी चाखावी, ते पुढे क्रमाने दिले आहे.

पेल्यात नेमके काय असते

पोर्टर ही अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये रूढ झालेली बिअर. तेथील रस्त्यांवर आणि थेम्सच्या धक्क्यांवर ओझी वाहणारे हमाल (इंग्रजीत ‘पोर्टर’) ती आवडीने पीत, त्यावरून तिला हे नाव पडले. तिचा व्यापार इतका वाढला की मद्यशाळांमध्ये ती मुरवण्यासाठी अवाढव्य लाकडी पिंपे उभी राहिली. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमधील म्यू कंपनीच्या मद्यशाळेतील असे एक पिंप फुटून आलेल्या लोंढ्यात आठ जणांचा जीव गेला. हिंदुस्थानातील छावण्यांत असलेल्या कंपनी सरकारच्या गोऱ्या सैनिकांसाठीही जहाजांतून पोर्टरच मोठ्या प्रमाणावर येत असे, हे आज ‘इंडिया पेल एल’ या फिकट, कडवट बिअरच्या गाजावाजात सहसा कोणाला आठवत नाही.

चवीच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १८१७ हे आहे. त्या वर्षी डॅनियल व्हीलर याने माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. त्याआधी पोर्टर तपकिरी माल्टपासून बनत असे. पण फिकट माल्टमधून साखर अधिक निघते, हे घनतामापकाच्या साहाय्याने मद्यकारांच्या लक्षात आले होते. व्हीलरच्या यंत्रामुळे थोडेसे माल्ट कोळशाइतके काळे भाजता येऊ लागले आणि बाकी सगळे फिकट माल्ट वापरूनही बिअर काळी ठेवणे शक्य झाले. पेल्यातील पोर्टर आजही अशीच तयार होते : बहुतांश फिकट माल्ट, आणि त्यात निरनिराळ्या अंशांनी भाजलेल्या माल्टचा थोडा-थोडा वाटा.

या भाजक्या माल्टचे स्वभाव वेगळे ओळखता आले की निम्मे काम झाले. क्रिस्टल किंवा कॅरमेल माल्ट गूळ, काकवी आणि खजूर यांच्या बाजूचा गोडवा देते. तपकिरी माल्टमधून भाजलेल्या पावाची आणि भाजक्या शेंगदाण्यांची चव येते. चॉकलेट माल्टला हे नाव केवळ रंगामुळे मिळाले असून त्यात चॉकलेटचा कणही नसतो; मात्र कॉफी आणि कोको यांच्याजवळची चव त्यातूनच उतरते. काळे माल्ट मात्र जपून वापरावे लागते, कारण त्याचा हात जड झाला की तव्यावर करपलेल्या भाकरीचा कडवटपणा सगळ्यांवर मात करतो. स्टाउट ही मूळची अधिक कडक पोर्टरच होय. आज त्या दोहोंतील सीमारेषा पुसट असली तरी स्टाउटमध्ये मोड न आणता भाजलेल्या जवाचा कोरडा, कडक कॉफीसारखा ठसका बहुधा पुढे असतो आणि पोर्टरमध्ये गोडवा व भाजणी यांचा तोल सांभाळलेला असतो.

बाटली निवडताना

आपल्या भागातील दुकानांत पोर्टर सहजासहजी दिसत नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही लहान मद्यशाळा सुरू झाल्यापासून भारतात अशा मद्यशाळांचा जो विस्तार झाला, त्यामुळे पुणे, बेंगळुरू आणि गोवा येथे ताजी पोर्टर किंवा स्टाउट चाखायला मिळण्याची शक्यता अधिक असते, विशेषतः थंडीच्या मोसमात. गोव्यात मिळालेली बाटली चोर्ला किंवा अनमोड मार्गाने घरी आणण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असे छापलेली बाटली राज्याची हद्द ओलांडून आणणे अबकारी कायद्याच्या कक्षेत येते आणि वाटेत तपासणी होते. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे नियम वेगवेगळे असल्याने परवान्याची खात्री आधी करून घ्यावी किंवा सरळ तिथेच बसून चाखावी. गाडी चालवणाऱ्याने मात्र चाखण्यापुरतेही घेऊ नये. मद्यपानासाठी कायद्याने ठरवलेले किमान वयही राज्यागणिक वेगळे आहे, तेही पाहावे.

बाटली घेताना नाव आणि चित्र यांआधी उत्पादनाची तारीख पाहावी. सौम्य पोर्टर ताजी असतानाच चांगली लागते. बाटली तपकिरी काचेची असावी किंवा बिअर कॅनमध्ये असावी, कारण पांढऱ्या किंवा हिरव्या काचेतून प्रकाश आत गेला की हॉप्समधील (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांमधील) कडू घटकांचे विघटन होऊन जळक्या रबरासारखा उग्र वास तयार होतो. दुकानाच्या दर्शनी फळीवर, उन्हाच्या तिरिपेत उभी असलेली बाटली कितीही देखणी असली तरी मागच्या फ्रीजमधील मागून घ्यावी. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत बिअर ठेवल्यास तिचे वय झपाट्याने वाढते. तापमान १० अंशांनी वाढले की शिळे होण्याचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो.

नाकाची तयारी

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग ‘कडू आहे’ यापलीकडे त्यांना काही सांगता येत नाही. चाखण्याच्या अर्धा तास आधी एका ताटात सहा-सात लहान वाट्या मांडाव्यात. एकीत चिकोरी नसलेली कॉफी पावडर आणि दुसरीत चिकोरी मिसळलेली असावी, कारण चिकोरीचा गोडसर, मातकट वास अनेकांच्या डोक्यात ‘कॉफी’ म्हणून बसलेला असतो आणि तो वेगळा काढल्याशिवाय भाजक्या माल्टचा वास नीट ओळखू येत नाही. तिसऱ्या वाटीत गुऱ्हाळावरची काकवी, चौथीत कुंदा, पाचवीत काळा खजूर किंवा सुके अंजीर, सहावीत गोडी कमी असलेले काळे चॉकलेट ठेवावे. गोकाकचे करदंट घरात असेल तर त्याचा तुकडाही ठेवावा. गूळ, डिंक आणि सुका मेवा यांचा त्यातील मिश्र गंध कडक पोर्टरमध्ये पुष्कळदा भेटतो.

सातव्या वाटीसाठी चिमूटभर कारळे कोरड्या तव्यावर तडतडेपर्यंत भाजावेत आणि गरम असतानाच बोटांनी चुरडावेत. प्रथम तेलकट, शेंगदाण्याजवळचा वास येतो, क्षणभराने त्याच्या मागून मंद करपट झाक वर येते आणि बोटे नाकापासून दूर नेल्यावरही ती रेंगाळते. पोर्टरच्या घोटात तपकिरी आणि काळे माल्ट नेमके याच क्रमाने उलगडतात. माझ्या मते सगळ्या ताटात ही वाटी सर्वांत उपयोगाची आहे.

प्रत्येक वाटी डोळे मिटून हुंगावी आणि शक्य असल्यास घरातल्या दुसऱ्या कोणाकडून क्रम बदलून घेऊन ओळखून दाखवावी. काही पोर्टरमध्ये सुक्या तंबाखूच्या पानाची छटाही असते आणि निपाणीकडच्या माणसाला ती सांगावी लागत नाही. पण उघडी तंबाखू ताटात ठेवू नये, कारण मग बाकीच्या वाट्या हुंगून उपयोग नसतो. त्याच कारणाने खोलीत उदबत्ती नसावी, स्वयंपाकघरात फोडणी चाललेली नसावी आणि अंगाला अत्तर लावलेले नसावे. त्याआधी तासभर ठेचा, पान आणि सिगारेट टाळावी. संकेश्वरी मिरचीने चुणचुणणाऱ्या जिभेला पोर्टरमधील बारीक फरक कळत नाहीत.

पेला, तापमान आणि ओतणे

पेला काचेचा आणि पारदर्शक असावा. पोटाशी फुगीर व तोंडाशी निमुळता असल्यास गंध आत कोंडून राहतो, म्हणून घरात वाइनचा पेला असेल तर तोच वापरावा. स्टीलचा पेला नको, त्यात रंगही दिसत नाही आणि फेसही. पेल्याला तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला तर फेस पाहता-पाहता विरतो. पेला खायच्या सोड्याने धुऊन, भरपूर पाण्याने विसळून उपडा वाळवावा. तो स्वच्छ झाला की नाही हे पाहण्यासाठी आतून ओला करून त्यात मीठ भुरभुरावे : मीठ सर्वत्र सारखे चिकटले तर पेला स्वच्छ, आणि जिथून ते घसरते तिथे चिकटपणा शिल्लक आहे. नंतर अर्थातच तो पुन्हा विसळावा.

तापमान हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत परिणामकारक भाग आहे. पोर्टर १० ते १३ अंश सेल्सिअसला प्यावी. फ्रीजमधून ती सुमारे ४ अंशांवर बाहेर येते आणि त्या गारठ्यात कडवटपणा व वायूची चुरचुर एवढेच जाणवते. काकवी, खजूर, कोको हे सगळे गप्प असतात. बेळगाव शहरात पावसाळ्यात किंवा थंडीत बाटली अर्धा तास आधी बाहेर काढावी. अथणी-रायबागकडच्या एप्रिल-मे महिन्यांत दहा-बारा मिनिटे पुरतात. पेला फ्रीजरमध्ये ठेवून गोठवण्याची हॉटेलांतील पद्धत पोर्टरच्या मुळावर येते.

ओतताना पेला ४५ अंशांत तिरका धरून कडेवरून बिअर सोडावी आणि अर्धा ओतून झाल्यावर तो सरळ करून मधोमध ओतावी, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर फेस चढतो. चाखण्यासाठी एका वेळी १०० मिलिलिटर पुरेसे असते. ३३० मिलिलिटरची एक बाटली तिघांत आरामात होते. बाटलीतच किण्वन झालेल्या बिअरच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो, म्हणून शेवटचा सेंटिमीटरभर भाग बाटलीतच राहू द्यावा.

पाहणे आणि हुंगणे

पेल्यामागे पांढरा कागद धरून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड बाजूने टाकावा. वरवर काळी दिसणारी पोर्टर कडेला गडद तांबडी, डाळिंबी झळकते. मुळीच उजेड आरपार येत नसेल तर ती स्टाउटच्या बाजूला झुकलेली असण्याची शक्यता आहे. फेसाचा रंग फिकट तपकिरी असतो. फेस बसत जाताना पेल्याच्या आतल्या बाजूस त्याची जाळी मागे राहिली तर पेला स्वच्छ आहे आणि बिअरमधील प्रथिने शाबूत आहेत असे समजावे. उलट काचेला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर बिअरला नावे ठेवण्याआधी पेला पुन्हा घासावा.

हुंगण्याला उशीर करू नये, कारण सर्वांत नाजूक गंध ओतल्यानंतरच्या पहिल्या मिनिटातच उडून जातात. आधी नाक पेल्यापासून हातभर दूर ठेवून एक छोटा श्वास घ्यावा, मग जवळ नेऊन दोन-तीन तुटक श्वास घ्यावेत. लांब, खोल श्वास घेतल्याने नाक लवकर सरावते आणि गंध जाणवेनासा होतो. त्यानंतर पेल्याच्या तोंडावर तळवा ठेवून बिअर हलकेच फिरवावी, तळवा काढून पुन्हा हुंगावे. नाक बधिर झाल्यासारखे वाटले तर स्वतःच्या कोपराची आतली बाजू हुंगावी; आपल्याच अंगाचा परिचित वास नाकाला पूर्वपदावर आणतो. या टप्प्यावर प्रत्येक गंधाला ताटातील एखाद्या वाटीशी जोडण्याचा प्रयत्न करावा आणि जोडता आला नाही तर तसेच लिहून ठेवावे.

घोट

पहिला घोट तोंड भिजवण्यासाठी असतो. त्यावरून मत बनवू नये. ‘काय ओ, ही तर बिनसाखरेची कॉफी की!’ ही प्रतिक्रिया नेहमी पहिल्याच घोटावर येते आणि तिसऱ्या घोटापर्यंत ती टिकत नाही. दुसरा घोट चमचा-दोन चमचे एवढाच घ्यावा, तीन ते पाच सेकंद तोंडात फिरवावा आणि गिळून टाकावा. गिळल्यावर तोंड मिटून श्वास हळूच नाकातून सोडावा. चवीचा मोठा हिस्सा घशाच्या मागून नाकात जाणाऱ्या वाफेतून कळतो, आणि गिळल्यानंतरची चव हाच पोर्टरचा खरा परीक्षेचा भाग असल्याने वाइनप्रमाणे ती थुंकून चालत नाही. जिभेच्या टोकाला गोड आणि मागच्या भागाला कडू कळते, ही शाळेत शिकवलेली नकाशाची कल्पना चुकीची आहे. सगळ्या चवी जिभेवर सर्वत्र कळतात, तेव्हा घोट सगळीकडे पसरू द्यावा.

आता कडवटपणाची फोड करावी. पोर्टरमध्ये तो दोन ठिकाणांहून येतो. हॉप्सचा कडवटपणा कारल्याच्या वळणाचा, स्वच्छ आणि गिळल्यावर हळूहळू वाढणारा असतो. भाजक्या माल्टचा कडवटपणा कोरडा असतो, घोटाच्या मध्यावरच जाणवतो आणि त्याच्यासोबत काळ्या कॉफीतली थोडी आंबट धार येते. ही धार दोष नाही. गडद माल्ट मुळातच आम्लधर्मी असते. लंडनच्या पाण्यात क्षार अधिक असल्यामुळे ते फिकट बिअरला मारक ठरत असे, पण गडद माल्टच्या आम्लाने त्याचा तोल साधला जाई, आणि त्या शहरात पोर्टर चांगली होण्याचे हेही एक कारण होते. तुरटपणा मात्र यांहून वेगळा पकडावा. कच्च्या जांभळाने जीभ आणि हिरड्या जशा आवळल्या जातात तसे होत असेल, तर माल्ट फार गरम पाण्यात किंवा गरजेपेक्षा जास्त वेळ धुतले गेल्याचा संशय घ्यावा.

तिसऱ्या घोटात चवीकडे दुर्लक्ष करून केवळ स्पर्श पाहावा : बिअर पाण्यासारखी पातळ लागते की जिभेवर थर ठेवते, वायू टोचतो की मऊ आहे, घशात मद्यार्काची ऊब जाणवते का. इंग्लिश पोर्टर मध्यम अंगाची आणि बेताच्या वायूची असते. अमेरिकी पद्धतीची अधिक कडू व करपट, तर बाल्टिक समुद्राभोवतीच्या देशांतील पोर्टर लागरच्या यीस्टने आंबवलेली, ६.५ ते ९.५ टक्के मद्यार्काची आणि सुक्या फळांनी भरलेली असते; तिच्यात ऊब जाणवणे साहजिक आहे, साध्या पोर्टरमध्ये मात्र ती खटकावी.

मधल्या वेळात साधे, गार न केलेले पाणी आणि बिनमिठाचे चुरमुरे खावेत. चिवडा नको. पेल्यात थोडी बिअर मुद्दाम शिल्लक ठेवावी आणि वीस मिनिटांनी पुन्हा चाखावी. चांगली पोर्टर कोमट होत जाताना अधिक बोलकी होते, तर सदोष पोर्टरचे दोष याच वेळी उघडे पडतात.

दोष ओळखणे

पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअरला हवा लागून ती शिळी झाली आहे. लोण्याचा किंवा पॉपकॉर्नवरच्या बटरचा वास ठळक असेल तर किण्वन अर्धवट राहिले असावे, आणि हिरव्या सफरचंदाचा वास आला तर ती कोवळी असतानाच बाटलीत भरली गेली असावी. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा गंध, दवाखान्यातील जंतुनाशकाचा वास आणि शिरक्याची आंबटी या तिन्ही गोष्टी पोर्टरमध्ये नसाव्यात. शेवटच्या दोन्हींमागे बहुधा नको त्या जंतूंची लागण असते. सोया सॉससारखी खारट-मांसल चव मृत यीस्टवर फार काळ राहिलेल्या बिअरला येते. गडद भाजणीखाली हे दोष सहज दडतात, म्हणून पिवळ्या बिअरपेक्षा पोर्टरमध्ये ते शोधायला अधिक चिकाटी लागते.

सोबतीला काय

खाद्यपदार्थ चाखणे संपल्यावरच समोर आणावेत. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातले सुके मटण, तिखट बेताचे ठेवून, पोर्टरशी उत्तम जुळते, कारण दोन्हीकडे भाजणीचीच चव असते. झणझणीत रस्सा नको. मद्यार्क आणि वायू तिखटाची आग वाढवतात. खानापूर-चंदगडकडचे भाजलेले काजू चांगले. कुंद्याबरोबर पोर्टर घेऊन पाहावीच : कुंद्यातील परतलेल्या खव्याची गोडी माल्टचा कडवटपणा बोथट करते आणि कडवटपणा कुंद्याचा गुळचटपणा आवरतो. करदंटाबरोबर मात्र साधी पोर्टर फिकी पडते. त्यासाठी कडक बाल्टिक पद्धतीची हवी.

नोंद आणि पुढचा सराव

नोंदवहीत तारीख, बिअरचे नाव, उत्पादनाची तारीख, तापमान आणि मग रंग, गंध, चव, स्पर्श व मागे राहणारी चव असा क्रम ठेवावा. गुण द्यायची घाई करू नये. दहापैकी सात असे लिहिल्याने महिन्याभरानंतर काहीच आठवत नाही, पण ‘आधी काकवी, मग कारळे, शेवटी भाकरीचा करपलेला पापुद्रा’ असे लिहिले तर तीच बिअर पुन्हा ओळखता येते. लेबलवर कॉफी, कोको किंवा व्हॅनिला घातल्याचे छापलेले असेल तर तो गंध माल्टच्या खाती जमा करू नये. त्यासाठी नोंद पूर्ण झाल्यावरच लेबल वाचणे सोयीचे पडते.

दोन पोर्टर हाताशी असतील तर तीन पेल्यांची परीक्षा करावी : दोन पेल्यांत एकच बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि ओतणारा माणूस वेगळा. निराळा पेला कोणता हे आधी ओळखावे, तो निराळा का हे नंतर सांगावे. पोर्टर आणि स्टाउट एकाच बैठकीत असतील तर सौम्य असेल ती आधी घ्यावी.

बाल्टिक पोर्टरसारख्या कडक बिअरची एखादी जादा बाटली मिळाली तर ती उभी, अंधाऱ्या आणि थंड जागी वर्षभर ठेवून पाहायला हरकत नाही. तिच्यातील सुक्या फळांचा गंध वाढतो. साधी पोर्टर मात्र साठवू नये आणि उघडलेली बाटली दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवू नये. उरलेली बिअर मटणाच्या रश्श्यात घालता येते, पण ती थोडीच घालावी, कारण आटताना तिचा कडवटपणा वाढतो.